प्रवराकाठचे ताम्रपट आणि यादवांची वंशावळ

देवगिरीच्या यादवांचा इतिहास बहुधा देवगिरीच्या किल्ल्यापासून सांगितला जातो. मात्र हे घराणे आपले पूर्वज कोणाला मानत होते आणि कोणत्या सोयरिकींच्या बळावर वर आले, याचा सर्वांत मोलाचा जुना पुरावा प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या संगमनेरच्या नावाने ओळखला जातो. संगमनेर ताम्रपट हा दुसऱ्या भिल्लमाचा लेख शके ९२२ चा, म्हणजे इसवी सन १००० चा असून, जर्मन संस्कृतज्ञ कीलहॉर्न यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या दुसऱ्या खंडात संपादित करून प्रसिद्ध केला. देवगिरीची स्थापना होण्यास त्या वेळी जवळजवळ दोन शतकांचा अवधी होता आणि यादव हे अजून स्वतंत्र राजे नव्हते, तर नाशिकपासून आजच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत पसरलेल्या सेउणदेशाचे सामंत होते.

ताम्रपट म्हणजे राजाने दिलेल्या दानाचा तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला दस्तऐवज. अशा लेखात दान दिलेली जमीन, तिच्या सीमा आणि दान मोडणाऱ्यास शाप हा व्यवहाराचा भाग असतोच. पण त्याआधी दात्याच्या वंशाचे पिढीवार वर्णन येते, कारण दान देण्याचा अधिकार कोणत्या कुळातून आला हे सिद्ध झाल्याशिवाय त्या दानाला वजन येत नसे. यादवांच्या आरंभीच्या पिढ्यांची माहिती आज मिळते ती मुख्यतः याच भागामुळे, आणि म्हणून वंशवर्णनाला स्तुतीचा फुलोरा समजून बाजूला सारणे हे अभ्यासकाने टाळले पाहिजे.

संगमनेरच्या लेखात भिल्लमाचा पिता वद्दिग हा कृष्णराजाचा, म्हणजे राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाचा अनुयायी असल्याचे सांगितले आहे आणि त्याची पत्नी वोहिवय्या ही राष्ट्रकूट कुळातील धोरप्प याची कन्या असल्याचेही नमूद आहे. या दोन विधानांचे महत्त्व कालक्रम ध्यानात घेतल्यावर उलगडते. राष्ट्रकूटांची सत्ता इसवी सन ९७३ मध्ये कल्याणीच्या चालुक्य वंशातील दुसऱ्या तैलपाने उलथून टाकली होती. हा ताम्रपट त्यानंतर सत्तावीस वर्षांनी कोरला गेला. आणि त्याच लेखात भिल्लमाने रणरंगभीम, म्हणजे तोच तैलप, याच्या बाजूने माळव्याचा परमार राजा मुंज याच्याविरुद्ध लढून चालुक्यांची राजलक्ष्मी स्थिर केल्याचा अभिमानाने उल्लेख आहे. ज्याने आपल्या आजोळचे साम्राज्य बुडवले त्याची सेवा सांगतानाही भिल्लमाने आजोळचे नाव वगळले नाही. सामंतपद नव्या धन्याकडून मिळत होते, पण प्रतिष्ठा मातृकुळाकडून येत होती, आणि तांब्यावर दोन्हींची नोंद शेजारी शेजारी झाली.

भिल्लमाची राणी लक्ष्मी, जिचे नाव लच्छियव्वा असेही आढळते, ही झंझ राजाची मुलगी होती. हा झंझ उत्तर कोकणच्या शिलाहार वंशातला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. तिचेही राष्ट्रकूटांशी नाते होते. लच्छियव्वा, धाडियप्प, राजुगी, वेसुगी यांसारखी नावे कन्नड वळणाची आहेत आणि त्यांवरून या घराण्याच्या मूळ भाषेविषयी विद्वानांत दीर्घ वाद झाला आहे. मात्र सीमेवरच्या सामंतकुळात भाषा आणि नाती दोन्ही दिशांनी येत-जात असत, हे या नावांतून निश्चित दिसते. भिल्लमाने विजयाभरण हे बिरुद धारण केले होते आणि त्याच बिरुदावरून विजयाभरणेश्वर नावाचे शिवालय उभारले होते.

प्रवरेचे खोरे या वंशाच्या लेखांनी समृद्ध आहे. संगमनेरहून अकोल्याच्या दिशेला असलेल्या कळस बुद्रुकचा तिसऱ्या भिल्लमाचा ताम्रपट शके ९४८ चा, तर संगमनेर तालुक्यातील आश्वीचा ऐरमदेवाचा लेख शके १०२० चा आहे. या दोहोंच्या मधला, शके ९९१ चा, दुसऱ्या सेउणचंद्राचा ताम्रपट वसईचा म्हणून ओळखला जातो. त्यात घराण्याचा मूळपुरुष दृढप्रहार, त्याचा पुत्र आणि सेउणदेशाला नाव देणारा पहिला सेउणचंद्र, अशी पिढ्यांची मालिका येते. शिवाय तिसऱ्या भिल्लमाची पत्नी हम्मा ही चालुक्य राजा जयसिंहाची कन्या आणि आहवमल्ल सोमेश्वराची बहीण होती, हेही त्यातून कळते. काही पिढ्यांपूर्वी राष्ट्रकूटांशी जुळवलेले नाते आता चालुक्यांशी जुळवले गेले होते. पुढे आश्वीच्या लेखात, सहावा विक्रमादित्य कल्याणीच्या गादीवर बसला त्या झगड्यातील साहाय्याचे श्रेय ऐरमदेवाला दिलेले आहे.

यानंतरची मोठी वंशावळ तेराव्या शतकात हेमाद्रीने लिहिली. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राजदप्तराचा प्रमुख होता, आणि त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथाच्या व्रतखंडाच्या आरंभी जी राजप्रशस्ती आहे, तिच्यात चंद्रापासून सुरू होणारी पौराणिक परंपरा ओलांडून दृढप्रहारापासून पुढे राजांची नावे क्रमाने दिली आहेत. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी ही प्रशस्ती ताम्रपटांशी ताडून पाहिली, तेव्हा वद्दिग आणि दुसरा भिल्लम यांच्यामध्ये हेमाद्रीने दिलेला धाडियस हा राजा वसईच्या ताम्रपटात नसल्याचे त्यांना आढळले. त्याचे कारण सरळ आहे. धाडियस हा भिल्लमाचा थोरला भाऊ असल्याने तो गादीवर बसला, पण पुढची शाखा भिल्लमापासून चालली. ताम्रपटाला पितापुत्रांची रांग हवी होती, दप्तरप्रमुखाला राज्य करणाऱ्यांची. अशा तफावतीला चूक म्हणून निकालात काढण्याऐवजी प्रत्येक यादी कोणत्या हेतूने केली हे विचारले, तर दोन्ही याद्या खऱ्या ठरतात.

द्वारकेच्या दाव्याविषयी मात्र अधिक सावध राहावे लागते. दृढप्रहार द्वारावतीहून चंद्रादित्यपूर, म्हणजे बहुधा आजच्या चांदवड येथे आला असे परंपरा सांगते, आणि यादव राजे स्वतःला ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हेच बिरुद दक्षिणेत त्यांचे प्रतिस्पर्धी होयसळही वापरीत आणि तेही स्वतःला यदुकुळाचे मानीत. एकाच पुराणपुरुषाचे वारसदार असल्याचे दोन घराण्यांनी सांगावे, एवढ्यावरून तो दावा खोटा ठरत नाही. परंतु अकराव्या-बाराव्या शतकांतील दख्खनमध्ये राजपद मागणाऱ्याला पौराणिक कुळ आवश्यक वाटत होते, एवढे त्यातून नक्की समजते.

वंश लिहून ठेवण्याची ही आच अन्य देशांतही दिसते आणि कोरियाचे उदाहरण येथे विशेष उपयोगी पडते. तेथील यांगबान, म्हणजे अधिकारपदे भूषवणारी उच्च कुळे, ‘जोकबो’ नावाच्या छापील कुळपोथ्या बाळगत, आणि आडनावाबरोबर कुळाचे मूळगाव, ज्याला ‘बोनग्वान’ म्हणतात, सांगितल्याशिवाय कुळाची ओळख पुरी होत नसे. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी जोकबो आंदोंगच्या क्वोन कुळाची, १४७६ ची आहे. तिच्यात मुलगे आणि मुली जन्मक्रमाने नोंदलेले असून मुलींची संततीही पुढे चालवली आहे. सतराव्या शतकापासून, पितृवंशाचा कन्फ्यूशियन आग्रह वाढत गेला तशी, मुलींची शाखा पोथ्यांतून आखडत गेली. मराठी मुलखातही पुढच्या काळातील बहुतेक वंशावळी निव्वळ पुरुषांच्या नावांच्या आहेत, आणि त्या पाहण्याची सवय झालेल्या वाचकाला संगमनेरचा लेख पुन्हा वाचावासा वाटला पाहिजे, कारण त्यात वंश उभा राहतो तो वोहिवय्या आणि लक्ष्मी यांच्या माहेरांसह.

साम्राज्याचा काळ सुपरिचित आहे. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्यांचे स्वामित्व झुगारून देवगिरीला राजधानी केली, सिंघणाच्या काळात राज्य सर्वाधिक विस्तारले, आणि रामचंद्राच्या राजवटीत शके १२१२ मध्ये नेवाशाला सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या अखेरीस त्या राजाचा यदुवंशीय म्हणून गौरव झाला. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि १३१८ मध्ये हरपालदेवाच्या वधाने राज्य संपले.

नाव मात्र संपले नाही. सिंदखेडचे जाधवराव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानतात. लखुजी जाधवराव आणि त्यांचे पुत्र १६२९ मध्ये निजामशाही दरबारात मारले गेले, तेही दौलताबादेस, म्हणजे जुन्या देवगिरीवरच. आणि त्यांचे जावई शहाजीराजे यांनी पुढे थोड्याच वर्षांत संगमनेर तालुक्यातील पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही वंशातील एका बालकाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला. लखुजींच्या कन्या जिजाबाईंमुळे यादव कुळाचा वारसा भोसल्यांच्या घराण्यात मातृपक्षाने आला, अगदी ज्या रीतीने राष्ट्रकूटांचा वारसा भिल्लमाकडे आला होता. परंतु शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी क्षत्रियत्वाचा आधार म्हणून पुढे ठेवला गेला तो पितृपक्षाचा, मेवाडच्या सिसोदियांशी जोडणारा वंश. हरपालदेव आणि लखुजी यांच्यामध्ये सुमारे तीनशे वर्षांचे अंतर आहे आणि त्या अंतरातील पिढ्यांना ताम्रपटांसारखा समकालीन लेखांचा आधार नाही, तो दुवा मुख्यतः घराण्याच्या स्मृतीवर आणि नंतर लिहिलेल्या वंशावळींवर उभा आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ज्यांत यात्रेकरूंनी आपल्या पूर्वजांची नामावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवली, तसेच वतनाच्या तंट्यांतील महजर, म्हणजे गोतसभेच्या निवाड्याचे कागद, आणि घराण्याची हकीकत सांगणारे करीने ही असे दुवे तपासण्याची साधने आहेत. ती वाचताना सुनांच्या माहेरांकडे वंशपुरुषांच्या नावांइतकेच लक्ष दिले, तर कोणते कूळ कोणाच्या आधाराने टिकले याचा माग अधिक खात्रीने काढता येईल.