यंत्राची नववी पिढी, अंगठ्याची पहिलीच

गेल्या महिन्यातली सोमवारची ओपीडी. सोमवारी आमच्याकडे रांग जिन्यापर्यंत जाते. नववीतला एक मुलगा आईवडिलांबरोबर आला. उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला सूज होती. तिथे नुसतं बोट टेकवलं तरी तो हात मागे घेत होता. अंगठा मुठीत धरायला सांगून मनगट करंगळीच्या दिशेनं वाकवलं, तसा तो कळवळला. चाचणी परीक्षेत गणिताचा निम्मा पेपर त्यानं कोरा ठेवला होता. येत नव्हतं म्हणून नाही, पेन धरवत नव्हतं म्हणून.

काय करतोस एवढं हातानं, असं विचारल्यावर मुलानं मान खाली घातली. उत्तर वडिलांनी दिलं. "साहेब, घरी प्लेस्टेशन आहे. चार नंबरचं, सेकंडहँड घेतलंय. पण गेम खेळून कुणाचा हात दुखतो का? आम्हीपण लहानपणी खेळलोच की. मारिओ, कॉन्ट्रा. सुट्टीत दिवसदिवस खेळलो. आम्हाला काय झालं?"

आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "रात्री दोनला पाणी प्यायला उठले, तरी हा आपला बसलेलाच."

वडिलांचा प्रश्न खरा होता. असा प्रश्न आजकाल अनेक घरांत विचारला जातो, आणि केसपेपरवर त्याचं उत्तर मावत नाही. त्यासाठी ते खेळत होते ते यंत्र आणि त्यांचा मुलगा खेळतो ते यंत्र शेजारीशेजारी ठेवून पाहावं लागतं.

टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांच्या आतापर्यंत नऊ पिढ्या मोजल्या जातात. पहिली १९७२ ची. 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हे अमेरिकेतलं यंत्र. त्यात आज ज्याला प्रोसेसर म्हणतात ते नव्हतंच, काही ट्रान्झिस्टर आणि डायोड होते. आवाजही नव्हता. पडद्यावर चित्र हवं असेल तर टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लॅस्टिकचा कागद चिकटवायचा. दुसऱ्या पिढीतलं गाजलेलं यंत्र म्हणजे १९७७ चं अटारी २६००. त्याची तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, होती फक्त १२८ बाइट. या लेखातलं एक मोठं वाक्य त्यात बसलं नसतं.

वडील खेळले ते यंत्र तिसऱ्या पिढीचं. जपानमध्ये १९८३ साली निन्टेंडोनं 'फॅमिली कॉम्प्युटर' आणलं. त्याच रचनेची नक्कल केलेली स्वस्त यंत्रं नव्वदच्या दशकात आपल्याकडे गावोगावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळायची. आपण त्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो आणि त्यात खोचायच्या डबीला 'कॅसेट'. मूळ यंत्राची रॅम होती २ केबी आणि प्रोसेसरचा वेग १.७९ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके.

मुलाकडचं प्लेस्टेशन ४ हे २०१३ चं, आठव्या पिढीतलं. त्याची रॅम ८ जीबी, म्हणजे वडिलांच्या यंत्राच्या ४२ लाख पट. नवव्या पिढीतलं प्लेस्टेशन ५ आलं २०२० मध्ये. त्याची रॅम १६ जीबी, म्हणजे जवळजवळ ८४ लाख पट. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून जीव माणसाच्या जन्माला येतो म्हणतात. हे यंत्र ८४ लाखांचा फेरा ३७ वर्षांत पुरा करून बसलं.

आता दुसरी बाजू पाहू, माणसाची. पडद्यावर शत्रू दिसल्यापासून अंगठा हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. डोळा, मेंदू, पाठीचा कणा, हाताची नस, स्नायू, असा तो प्रवास असतो. त्या पाव सेकंदात वडिलांच्या यंत्राचा प्रोसेसर साडेचार लाख ठोके देत असे. प्लेस्टेशन ५ चा ८७ कोटींपर्यंत देतो. माणसाचा पाव सेकंद मात्र १९८३ मध्ये होता तेवढाच आज आहे. अंगठा मनगटातून ज्या अरुंद बोगद्यातल्या कंडरांनी ओढला जातो, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्यांनी, त्या दोऱ्याही तेवढ्याच जाड आणि तो बोगदाही तेवढाच अरुंद आहे. दोरी सतत घासली की आवरण सुजतं आणि बोगदा आणखी अरुंद होतो. या मुलाला झालेला आजार तो हाच. त्याला 'डी क्वेर्व्हेन'चा आजार म्हणतात. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांमध्ये तो आम्ही नेहमी पाहतो.

मग वडिलांना तो का झाला नाही? थोडं उत्तर हातात धरायच्या कंट्रोलरमध्ये आहे. अटारीचा दांडा अख्ख्या मुठीत धरायचा असे आणि बटण एकच. पुढे निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी अधिकाच्या चिन्हासारखं चपटं बटण काढलं. १९८२ च्या हातात धरायच्या एका खेळात ते पहिल्यांदा आलं. तिथून मुठीचं काम अंगठ्याकडे गेलं. तरी वडिलांच्या यंत्रात बटणं मोजकीच होती: एक दिशेचं आणि इतर चार. १९९६ च्या निन्टेंडो ६४ नं अंगठ्याखाली फिरणारी काडी रूढ केली आणि तेव्हापासून अंगठा गोल गोल फिरू लागला. आजच्या कंट्रोलरवर अशा दोन काड्या असतात. उजवा अंगठा एका काडीवरून चार बटणांवर आणि पुन्हा काडीवर अशा उड्या मारत राहतो, आणि दोन्ही हातांच्या बोटांखाली आणखी चार बटणं असतात. प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर सुमारे २८० ग्रॅमचा आहे. उचलायला काहीच नाही, तासन्‌तास अधांतरी धरायला पुष्कळ आहे.

पण जुन्या यंत्रांनी कुणाचे हात दुखवले नाहीत असं समजू नका. १९९० साली अमेरिकेतल्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं. ३५ वर्षांची एक बाई सलग पाच तास निन्टेंडो खेळली आणि तिचा उजवा अंगठा धरला. या दुखण्याला त्यांनी गमतीनं 'निन्टेंडिनायटिस' नाव दिलं. १९९७ पासून कंट्रोलर हातात थरथरू लागले. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १५ वर्षांच्या एका मुलाची नोंद केली. रोज सात तासांपर्यंत तो असा कंट्रोलर धरून बसायचा. थंडीत त्याची बोटं पांढरी पडून दुखायची. रस्ता फोडायचं यंत्र चालवणाऱ्या कामगारांमध्ये दिसतो तसला हा त्रास. २००६ च्या 'वी' या यंत्रात कंट्रोलर हवेत फिरवून टेनिस खेळता येऊ लागलं, तेव्हा स्पेनमधल्या एका तरुण डॉक्टरनं स्वतःचाच खांदा दुखावून घेतला आणि २००७ मध्ये तेही लिहून ठेवलं. म्हणजे पिढी बदलली की दुखण्याची जागा बदलते: अंगठा, बोटं, खांदा.

काही बाबतींत नवी यंत्रं शरीराला अधिक मानवणारी आहेत, हेही सांगायला हवं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचा पडदा लुकलुकायचा. ज्यांना चमचमणाऱ्या उजेडानं आकडी येते, त्यांना सेकंदाला १५ ते २५ वेळा होणारी लुकलुक सर्वांत घातक, आणि आपल्याकडचे जुने टीव्ही त्या टप्प्याच्या जवळचे होते. आजचे सपाट पडदे तसे लुकलुकत नाहीत. खेळातल्या स्फोटांचे, विजांचे झगझगाट मात्र आजही आकडी आणू शकतात. पूर्वी कंट्रोलरची वायर आखूड असल्यानं मुलं टीव्हीला नाक लावून बसायची. आता वायरच नाही, भिंतीला टेकून बसता येतं. हातापायांत अधूपण असलेल्यांसाठी मोठ्या बटणांचे, पायानंही चालवता येणारे कंट्रोलर २०१८ पासून मिळतात. लकव्यानंतर हात हलता करण्याच्या व्यायामातही असे खेळ वापरले जातात.

तर मग त्या मुलाचं बिनसलं कुठे? मी त्याला विचारलं, "काय रे, थांबावंसं वाटत नाही का?"

तो म्हणाला, "वाटतं सर. पण मध्येच थांबता येत नाही, मॅच चालू असते. आणि संपली की लगेच दुसरी सुरू होते."

माझ्या मते खरा फरक त्याच्या या दोन वाक्यांत आहे. वडिलांचं यंत्र दुबळं होतं आणि ते दुबळेपण त्यांना सांभाळत होतं. १९८५ च्या मारिओत खेळ अर्धवट जपून ठेवायची सोय नव्हती. सगळे जीव गेले, खेळ संपला, पुन्हा पहिल्यापासून. कॅसेट अडकली की काढा, फुंकर मारा, पुन्हा लावा. आमच्या होस्टेलवर निवासी डॉक्टरांनी वर्गणी काढून असलंच एक यंत्र घेतलं होतं. त्याचा अडॅप्टर इतका तापायचा की तासाभरानं बंद करावंच लागे. घरात टीव्ही एकच, संध्याकाळी तो आईच्या मालिकेचा. आणि आपल्या महाराष्ट्रात वर लोडशेडिंग! दर थोड्या वेळानं काहीतरी आडवं यायचं. त्या वेळात अंगठा विसावायचा, पापण्या लवायच्या, पोरं अंगणात पळायची. दिवसदिवस खेळलो असं वडिलांना आठवतं. त्यातल्या खोळंब्यांची बेरीज कुणी केलेली नाही.

पुढच्या प्रत्येक पिढीत इंजिनिअरांनी एकेक खोळंबा काढून टाकला. पहिल्या प्लेस्टेशननं १९९४ मध्ये सीडी आणली. तिच्यातून खेळ चढायला वेळ लागे, पण छोट्याशा मेमरी कार्डावर खेळ जपता येऊ लागला. २००१ च्या एक्सबॉक्समध्ये हार्ड डिस्क आणि इंटरनेटची जोडणी आतच होती, आणि पुढच्याच वर्षी घरबसल्या परक्यांशी सामने सुरू झाले. प्लेस्टेशन ४ चा खेळ जिथे सोडला तिथूनच उठतो. प्लेस्टेशन ५ ची साठवण सेकंदाला साडेपाच जीबी माहिती वाचते, म्हणजे खेळ चढेपर्यंत पाणी प्यायला उठायचंही कारण उरत नाही. इंजिनिअर म्हणून हे काम कौतुकाचंच आहे. डॉक्टर म्हणून मला त्यात एकेक विसावा गेलेला दिसतो.

पडद्यावर नजर खिळली की मिनिटाला पंधराएक वेळा लवणारी पापणी निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. मग डोळे कोरडे होतात, चुरचुरतात. चौदा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. दोन वाजता झोपून सातच्या शाळेला ती मिळणार कुठून?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत खेळाच्या व्यसनाला जागा दिली. ही यादी २०२२ पासून लागू आहे. त्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. आवरता न येणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर असणं, हे पाहिलं जातं. खेळणाऱ्या बहुतेक मुलांना हा आजार नसतो. या मुलालाही नव्हता. त्याला थांबायचं होतं, फक्त त्याचं यंत्र थांबायची आठवण करून देत नव्हतं.

अंगठ्यासाठी मी त्याला पट्टी दिली, सूज उतरायचं औषध दिलं आणि तीन आठवडे कंट्रोलरला हात लावू नकोस म्हटलं. त्यानंतरसाठी काही गोष्टी लिहून दिल्या, त्या कुठल्याही घराला उपयोगी पडतील. यंत्र बाहेरच्या खोलीत ठेवा, झोपायच्या खोलीत नको. खेळाच्या वेळेची मर्यादा यंत्राच्या सेटिंगमध्येच घालता येते, प्लेस्टेशन ४ मध्येही. ती मुलाला शेजारी बसवून, त्याच्याशी ठरवून घाला. तास मोजण्यापेक्षा सामने मोजा, म्हणजे मधूनच उठवल्याचं भांडण होत नाही. दोन सामन्यांच्या मध्ये उठून खिडकीबाहेर लांब पाहायचं आणि हात मोकळे करायचे. थरथर बंद करता येते, ती करा. झोपेच्या तासभर आधी खेळ बंद. अंगठा किंवा मनगट आठवडाभर दुखत राहिलं, बोटं बधिर झाली किंवा खेळताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन झटके आले, तर डॉक्टरांकडे या. झटके आले तर त्याच दिवशी या.

सहा आठवड्यांनी तिघंही परत आले. सूज गेली होती. मुलानं माझ्याच पेनानं केसपेपरच्या मागे आपलं नाव लिहून दाखवलं. वडील जरा ओशाळून हसले. "साहेब, परवा मीपण बसलो याच्याबरोबर. म्हटलं बघू तरी काय आहे. नऊला बसलो होतो. हिनं आवाज दिला तेव्हा घड्याळ बघितलं, साडेअकरा वाजले होते."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आता दोघांसाठी गजर लावलाय."