दाढेवरून खार ओळखताना

गोव्यात कोरगावच्या माडांवर दिवसभर धावणारी चानी, म्हणजे खार, मेली की तिचं नामोनिशाण उरत नाही. आमच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत हाडं फार काळ टिकत नाहीत. डिचोलीत डोंगर पोखरून लोहखनिज काढलं, पण ते खडक सस्तन प्राण्यांच्या जन्माआधी अब्जावधी वर्षांचे. खारीच्या जुन्या गोतावळ्याचा पुरावा शोधायचा, तर खाण हवी ती गुजरातेतली.

दातांवरून जुने सस्तन प्राणी शोधण्याला आपल्याकडे बळ आलं 1988 साली. दख्खनच्या लाव्ह्यांच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळातून, आताच्या तेलंगणातल्या नास्कल इथून, जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी एक सस्तन प्राणी जगापुढे आणला, तोही दातांवरून. त्याचं नाव डेक्कानोलेस्टिस हिस्लोपी. नावातले हिस्लॉप म्हणजे नागपूरचे मिशनरी-भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप.

पुढचा मुक्काम वस्तान, सुरतेपासून सुमारे 40 किलोमीटरवरची लिग्नाइटची खाण. कोळशासाठी खणताना जो चिखल बाजूला पडायचा, त्यातच सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचं जंगल दडलं होतं. काम मोठ्या चिकाटीचं. चिखल भिजवायचा, बारीक चाळणीतून धुवायचा आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली निवडत बसायचं. तांदळाच्या कणीएवढी एक दाढ हाती लागली तरी दिवस सार्थकी. मग त्या दाढेचे उंचवटे कुठे आहेत, मधल्या खळग्यातलं एनॅमल गुळगुळीत आहे की सुरकुतलेलं, हे पाहून जात ठरते.

असंच 2008 मध्ये राजेंद्रसिंह राणा, किशोर कुमार, साहनी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी नवी प्रजाती जाहीर केली: मेल्डिमिस मूषक. ही खरी खार नव्हे. आयल्युराव्हिन या खारीसारख्या, कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या उपकुळातली ती. गंमत म्हणजे तिचे जवळचे नातेवाईक निघाले युरोपात! आशियाला नुकता भिडू लागलेला भारत आणि युरोप यांच्यात हे प्राणी कोणत्या वाटेने आले-गेले, हा वाद मला तरी नव्या नावापेक्षा मोलाचा वाटतो.

दाढांवरून शेपटी कळत नाही. ती दिसते जर्मनीतल्या मेसेलला. तिथे याच उपकुळातल्या आयल्युरावसचा अख्खा सांगाडा लांब शेपटीसकट मिळाला आहे. इकडे वस्तानच्या शेजारच्या तडकेश्वर खाणीतूनही पुढे सस्तन प्राण्यांचे अवशेष येत राहिले.