पायात घुंगरू, समोर कॅमेरा (भाग ४) : गुणवती ते चंद्रकला

१९५१ साली व्ही. शांताराम यांचा ‘अमर भूपाळी’ पडद्यावर आला. शाहीर होनाजीच्या भूमिकेत पंडितराव नगरकर होते आणि गुणवती या नर्तकीच्या भूमिकेत एक नवी मुलगी. तिचं नाव विजया देशमुख. पडद्यासाठी ते ‘संध्या’ झालं. पुढे एकवीस वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याच दिग्दर्शकाच्या ‘पिंजरा’त त्याच अभिनेत्रीनं तमाशातली चंद्रकला उभी केली. दोन्ही भूमिका नाचणाऱ्या बाईच्या, दोन्ही मराठी मातीतल्या. पण हे चित्रपट लागोपाठ पाहिले, तर पाऊल, मान, कंबर आणि नजर यांच्यावर मधल्या काळात किती मेहनत झाली आहे, ते लगेच जाणवतं. त्या मेहनतीचं नाव कथक.

मागच्या भागात आपण दक्षिणेतली वाट पाहिली. वैजयंतीमाला, पद्मिनी या आधी गुरूपाशी शिकल्या आणि मग कॅमेऱ्यासमोर आल्या. कन्नड चित्रपटांतही ही वाट आजवर चालू आहे. लक्ष्मी गोपालस्वामी यांची ओळख आधी भरतनाट्यमच्या नर्तकी म्हणून झाली, चित्रपट नंतर आले. संध्या यांच्याबाबतीत क्रम उलटा लागला. आधी चित्रपट मिळाले, आणि एका चित्रपटानं मागणी केली म्हणून शास्त्रीय नृत्य शिकावं लागलं.

तो चित्रपट ‘झनक झनक पायल बाजे’, साल १९५५. टेक्निकलरमध्ये तयार झालेल्या सुरुवातीच्या भारतीय चित्रपटांपैकी हा एक. संगीत वसंत देसाई यांचं. तबल्यावर सामताप्रसाद आणि संतूरवर तेव्हा अगदी तरुण असलेले शिवकुमार शर्मा, असा वाद्यमेळ. नायक गोपीकृष्ण. ते बनारसच्या नर्तक घराण्यातले, सितारादेवींचे भाचे, आणि तेव्हा जेमतेम विशीचे होते. शास्त्रीय नृत्य हाच विषय असलेल्या चित्रपटात, असा नर्तक शेजारी नाचत असताना, नायिकेला नुसते हातवारे करून वेळ मारून नेता येणार नव्हती. संध्या गोपीकृष्ण यांच्याकडेच शिकायला बसल्या. पडद्यावरचा जोडीदार तालमीत त्यांचा गुरू होता.

चित्रपटाची गोष्टही जवळजवळ हीच आहे. नीला ही हौशी नर्तकी आपल्या नाचावर खूश असते. केशवराव दाते यांनी साकारलेले मंगल महाराज तिचा नाच पाहतात आणि तो नाच नव्हेच, असं तोंडावर सांगतात. त्यांचा मुलगा गिरधर खरा नाच करून दाखवतो. मग नीला शिष्या होते, पहिल्यापासून सुरुवात करते. नंतर प्रेम, गैरसमज, संन्यास अशी वळणं येतात. पण प्रेक्षक मुख्यतः एका बाईचं शिकणं पाहत असतो, आणि ती भूमिका करणारी बाईही खरोखर शिकत असते. म्हणूनच नीलाच्या सुरुवातीच्या कच्चेपणात आणि शेवटच्या शिव-पार्वती नृत्यात जे अंतर आहे, ते पटतं.

हे शिकणं किती कठीण, ते कथकच्या रचनेवरून समजेल. पाया ततकारीचा. गुडघे फार न वाकवता तळपाय जमिनीवर आपटून तालाचा एकेक बोल उमटवायचा, आधी ठाय लयीत, मग दुप्पट, मग चौपट. पायात शंभर-दीडशे घुंगरांचा भार. वर चक्करं, आणि शेवटी तिहाई : एकच तुकडा तीनदा घेऊन बरोबर समेवर थांबायचं. एक मात्रा मागेपुढे झाली की सगळं बिनसतं. जयपूर घराण्यात पायांच्या कामावर आणि पखवाजाच्या जोरकस बोलांवर भर, तर लखनौ घराण्यात भाव आणि नजाकत यांवर. ही विद्या मुलं सहाव्या-सातव्या वर्षी सुरू करतात. संध्या यांनी ती वाढलेल्या, सवयी पडलेल्या शरीरानं घेतली.

कॅमेरा इथे मदत करतो आणि अडवतोही. चेहरा जवळून घेतला की पाय दिसत नाहीत, आणि चुकलेला तुकडा संकलकाच्या टेबलावर गाळता येतो. पण नर्तकी डोक्यापासून टाचेपर्यंत चौकटीत आली की लपायला जागा उरत नाही. गाणं आधीच ध्वनिमुद्रित झालेलं असतं. तबलजी मैफलीत सांभाळून घेतो तसं ती ध्वनिफीत घेत नाही. पाय तिच्याच मात्रेवर पडायला हवेत. ‘झनक झनक’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि शहरांतल्या अनेक घरांपर्यंत कथक पहिल्यांदा पोचलं ते या चित्रपटामुळे.

१९५६ मध्ये संध्या यांचा शांताराम यांच्याशी विवाह झाला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये त्या खेळणी विकणारी चंपा झाल्या. या चित्रपटाला १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. बैलाबरोबरच्या प्रसंगाचं चित्रीकरण करताना शांताराम यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. पट्टी बांधलेल्या त्या दिवसांत त्यांना रंगांची जी ओढ लागली, तिच्यातून १९५९ चा ‘नवरंग’ उभा राहिला.

‘नवरंग’मधलं होळीचं नृत्य म्हणजे या कारकिर्दीचा कळस. समोरून गोपी, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा लावून पुरुष. नुसती गिरकी घेतली की पात्र बदलतं. एकच नर्तक अंग पालटून कधी राधा, कधी कृष्ण होतो, ही कथकमधली जुनी रीत आहे. तिला गतभावाची, म्हणजे अभिनयातून कथा सांगण्याची, जोड असते. संध्या यांनी ती चित्रपटाच्या चौकटीत आणली. पाठ प्रेक्षकाकडे असतानाही हात, खांदे आणि चाल पुरुषाचीच वाटावी लागते, म्हणजे सगळी कवायत उलट्या अंगानं करायची. हे काम मुखवट्यानं होत नाही, अंगात मुरलेल्या तालमीनंच होतं.

त्यानंतर राजस्थानच्या वाळवंटात घडणारा ‘सेहरा’ (१९६३) आला, आणि नर्तकीच्या जिद्दीवरचा ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’ (१९७१). कुबड्या घेऊन केलेला नाच याच चित्रपटातला.

संध्या यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. अभिनय भडक, माना वेळावणं जास्त, डोळे फार मोठे होतात, असे आक्षेप घेतले गेले. त्यांत तथ्य आहे. नृत्यातला भाव सभागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्यासाठी घडवलेला असतो. कॅमेरा तो हातभर अंतरावरून टिपतो, तेव्हा तो अंगावर येतो. साध्या घरगुती प्रसंगांत हे खटकतं. पण पात्रच नर्तकी असेल, तर तोच ठसठशीतपणा भूमिकेचं बळ होतो.

‘पिंजरा’ हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा. जर्मन ‘ब्लू एंजल’ (१९३०) या चित्रपटाच्या कथेवर बेतलेली ही गोष्ट. डॉ. श्रीराम लागू यांचे आदर्शवादी गुरुजी, निळू फुले, राम कदम यांचं संगीत, जगदीश खेबुडकर यांची गीतं, उषा मंगेशकर यांचा आवाज. चंद्रकला आधी गुरुजींना हरवण्यासाठी नाचते. तिची नजर, तिचा पदर, तिचं ठसक्यानं थांबणं हे सगळं आव्हान असतं. नंतर तीच बाई त्या माणसात गुंतते आणि नाचातला डौल तोच राहूनही त्यातला माज उतरतो. लावणीचा बाज कायम ठेवून हा बदल दाखवायला अंगावर फार बारीक ताबा लागतो. समेवर थांबायची सवय, गिरकीनंतर न डळमळणारा तोल आणि भुवईच्या हालचालीत अर्थ भरण्याची रीत ही सगळी कथकची कमाई चंद्रकलेच्या कामी आली. गुणवतीकडे त्यातलं फारच थोडं होतं. ‘पिंजरा’ला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

१९७५ च्या ‘चंदनाची चोळी अंग अंग जाळी’नंतर संध्या पडद्यापासून दूर झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांची जवळजवळ सगळी कारकीर्द एकाच दिग्दर्शकाच्या चित्रपटांत झाली. त्यामुळे दुसऱ्या कुणी ही नर्तकी कशी वापरली असती, याची तुलना करता येत नाही; पण एवढ्या तालमीसाठी लागणारा वेळ आणि नृत्याभोवती रचलेल्या कथा त्यांना शांताराम यांच्या ‘राजकमल’ या चित्रसंस्थेतच मिळाल्या, हेही तितकंच खरं.

पुढच्या भागात : चित्रपटाची वाट न धरता, १९४७ मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ स्थापन करून मध्यमवर्गीय मराठी घरांतल्या मुलींच्या पायात घुंगरू बांधणाऱ्या आणि जयपूर व लखनौ अशा दोन्ही घराण्यांची तालीम घेतलेल्या रोहिणी भाटे.