गोष्ट त्यांची, कॅमेरा आपला

'डिजिटल स्टोरीटेलिंग' म्हटलं की आपल्याला कॅमेरा, माईक आणि एडिटिंगच आठवतं. पण ही पद्धत मुळात वेगळी आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या कार्यशाळा सुरू केल्या. त्यात साधा माणूस आपल्या आयुष्यातला एखादा प्रसंग आपल्याच आवाजात, आपल्याच फोटोंमधून दोन-तीन मिनिटांत मांडतो. सांगणाराही तोच आणि जोडणाराही तोच. आता लोकांसोबत संशोधन करणारेही ही पद्धत वापरतात.

आपण एनएसएसच्या कॅम्पला किंवा 'उन्नत भारत अभियाना'च्या सर्वेला खेड्यात जातो तेव्हा मात्र उलटं होतं. गोष्ट त्यांची, पण कॅमेरा आपला, कात्री आपली आणि मार्क्सही आपलेच! मग फॉर्मवर सही घेतली म्हणजे संमती मिळाली का? मी कॉन्व्हेंटवाली, मला 'कन्सेंट' हाच शब्द सवयीचा. पण 'संमती' जास्त आवडला. संमती म्हणजे दोघांचं मत जुळणं. नुसत्या सहीने ते जुळत नाही.

समजा, एखाद्या काकूंनी कर्जाबद्दल मोकळेपणाने सांगितलं. त्या आपल्याशी बोलत असतात, जगाशी नाही. दोन वर्षांनी मुलीचं लग्न ठरवताना तोच व्हिडिओ पाहुण्यांच्या मोबाईलवर निघाला तर? चेहरा ब्लर केला तरी गाव आवाजावरून, ओट्यावरून माणूस ओळखतं. आणि सर्व्हरवरची फाईल डिलीट करता येते, पण लोकांनी उतरवून घेतलेल्या कॉप्या परत येत नाहीत, हे आपल्या कॉम्प्युटरवाल्यांना सांगायला नको.

मग नाव लपवलं की झालं? तसंही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रात गावोगावी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त! 'पारी'ने २०१७ पासून त्या इंटरनेटवर आणल्या, त्या गायिकांच्या नावा-गावासकट. काही गायिकांना ही मंडळी पुन्हा जाऊन भेटलीसुद्धा. इथे नाव गाळणं हाच अन्याय झाला असता.

म्हणजे नाव द्यायचं की नाही, हे सांगणाऱ्याने ठरवायचं. म्हणून विचारायचं तीनदा: रेकॉर्डिंगआधी, एडिट केलेलं त्यांना दाखवल्यावर आणि दुसरीकडे कुठे वापरण्याआधी. तिन्ही वेळा 'नको' म्हणायची मोकळीक हवी.

सर आणि मॅडमना एकच विनंती. रिपोर्टसोबत व्हिडिओची सक्ती नको. मार्क्स जाणार म्हटल्यावर कुठला विद्यार्थी समोरच्याचा 'नको' नीट ऐकेल?