लाच नाकारणारा गुंड

रहस्यकथेत नायक खुर्चीला बांधलेला असतो. पहारेकऱ्याला तो म्हणतो, ''मला सोड, हा हिरा तुझा!'' गुंड नुसता हसतो. बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेला वाचकही इथे कुरकुरतो, ''एवढा हिरा कोण सोडील हो?''

माझी हयात बँकेच्या काउंटरमागे गेली. मला त्या गुंडाचं पटतं. हिरा घेऊन तो जाणार कुठे? आमच्या हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचं पोतं विकलं, तरी आडत्या नाव विचारून पट्टी लिहितो. मग हिऱ्याचं काय?

रोख रक्कम तरी सोपी कुठे? पूर्वी तर नव्या पुडक्यातल्या शंभर नोटा ओळीने नंबराच्या असत. १९३२ साली अमेरिकेत लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरणात ५० हजार डॉलरची खंडणी दिली गेली, ती नंबर टिपूनच. त्यात बऱ्याचशा सोन्याच्या हमीच्या नोटा होत्या आणि १९३३ मध्ये सरकारने त्या परत मागवल्या. १९३४ मध्ये एका पेट्रोल पंपावर तसली दहाची नोट आली. पंपवाल्याने मोटारीचा नंबर नोटेवरच लिहिला, बँकेत ती ओळखली गेली आणि हाउप्टमान सापडला. (आम्हा बँकवाल्यांचं एवढं कौतुक एरवी कोण करतो!)

शिवाय सुटलेला नायक हाच उद्याचा पहिला साक्षीदार. आणि टोळीचा सुरा तर आजच मानेवर.

माझ्या कादंबरीतला गुंड हिरा परत करतो. नायकाच्या मनगटावरचं जुनं घड्याळ मात्र काढून घेतो.