जलकर आणि जलआकार : मुंबईच्या पाणीपट्टीची मीमांसा

जुन्या दप्तरांतील करांच्या याद्या लावणाऱ्या संशोधकास एक प्रश्न नेहमीं पडतो : अमुक पट्टी इतकीच कां, आणि ती वाढली ती कोणाच्या आज्ञेनें ? हाच प्रश्न अलीकडच्या मुंबईच्या पाण्याविषयीं विचारण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या सीताध्यक्ष-प्रकरणांत शेतीच्या पाण्यावरील ‘उदकभाग’ सांगितला आहे. हातानें काढलेल्या पाण्यास उत्पन्नाचा पांचवा भाग, खांद्यावरून आणलेल्यास चौथा आणि स्रोतोयंत्रानें आणलेल्यास तिसरा. म्हणजे दर पाण्याच्या मापावर नव्हे, तर तें आणण्याच्या साधनावर व पिकावर बसे.

मुंबईस विहार तलावाचें पाणी १८६० त मिळूं लागलें. पुढें तुळशी १८७९ त व तानसा १८९२ त पुरा झाला. मध्यंतरीं १८८८ चा महापालिका कायदा झाला. त्यांत पाण्याच्या वसुलीचे दोन प्रकार आहेत व त्यांची गल्लत होऊं देतां कामा नये. पहिला जलकर. हा मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर शेंकडेवारीनें बसतो. घरांत किती घागरी भरल्या याची तो चौकशी करीत नाहीं. हें मूल्य मूळ कायद्यांत घराच्या वाजवी वार्षिक भाड्यांतून दुरुस्तीसाठीं शेंकडा दहा वजा करून काढीत. २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धति आली. दुसरा प्रकार जलआकार. हा मीटरच्या मापानें घेतात. त्याचे नियम करण्याचा अधिकार कलम १६९ नें स्थायी समितीस दिला. झोंपडपट्टीस दर कमी, इमारतींतील घरांस त्याहून अधिक, व्यापार व कारखाने यांस त्याहूनहि पुष्कळ अधिक, असा त्यांत वर्गभेद आहे.

आतां वाढीचा विचार. २०१२ सालीं असें ठरलें कीं, जलआकार दरवर्षीं शेंकडा आठपर्यंत वाढवितां यावा. पंपांची वीज, शुद्धीकरण, नोकरवर्गाचे पगार, सरकारी धरणांतील पाण्याची किंमत, असा खर्च मांडून मागील वर्षाशीं ताडावयाचा, आणि त्या वाढीच्या मानानें दर चढवावयाचा. खर्च आठाच्या वर गेला तरी दर त्यापुढें जात नाहीं. उरलेला बोजा पालिकेच्या इतर उत्पन्नावर पडतो. २०२२ सालीं १६ जूनपासून ७.१२ टक्के वाढ झाली ती याच रीतीनें.

येथेंच इतिहासकारानें सावध व्हावें. वाढीचा प्रस्ताव दर खेपेस सभेपुढें आला, तर त्यावर वाद होतो. विरोध कोणीं केला, कोणत्या वस्तीची बाजू कोणीं मांडली, हें इतिवृत्तांत उरतें. सूत्र एकदां मान्य झालें म्हणजे दर वाढतो, परंतु वाद उरत नाहीं. २०२२ त तर ७ मार्च रोजीं सभेची मुदत संपून प्रशासक आले होते. त्यामुळें ती वाढ लोकनियुक्त सभासदांच्या चर्चेवांचूनच झाली. आंकडा मिळतो, कारण हरवतें. आणि कारण हरवलें म्हणजे ती पट्टी न्याय्य होती कीं नव्हती, हें पुढील पिढीस ठरवितां येत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, सनदा व महजर जपतांना पाण्याचीं देयकें, दरपत्रकें व खर्चाचीं टिपणेंहि जपावीं. तीं आज रद्दींत जातात. उदकभागाचें प्रमाण आपणांस ग्रंथांतून कळतें. परंतु तें भरतांना शेतकऱ्यानें काय गाऱ्हाणें केलें, तें सांगणारा कागद आपल्यापाशीं नाहीं. मुंबईच्या पाण्याविषयीं तरी तसें होऊं नये.