बेटावर राहायला जाताय? आधी मंगळवारची संध्याकाळ बघा!

मॉरिशस म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? निळंशार पाणी, पांढरी वाळू आणि हातात हिरवा चुडा घातलेली नवी नवरी! माझ्या मैत्रिणींनाही तेच दिसलं. एबेनच्या सायबर सिटीतून मला नोकरीची ऑफर आलीय म्हटल्यावर कँटीनमध्ये एकच कल्ला झाला. 'लकी आहेस यार, आम्ही येणार हं राहायला!' आईनं मात्र एकच प्रश्न विचारला, "रात्री ऑफिसातून घरी कशी जाणार?"

प्रश्न साधा, पण इंटरनेटवर त्याचं उत्तर सापडत नाही. तिथे सापडतात त्या याद्या. जागतिक शांतता निर्देशांकात मॉरिशस आफ्रिकेतल्या देशांमध्ये वर्षानुवर्षं अगदी वर असतं. छान वाटलं वाचून. पण यादीतला तो नंबर अख्ख्या देशाचा असतो. रात्री आठ वाजता बस स्टॉपवर उभी राहणारी मी असते, देश नव्हे. त्यात मी एकटी राहणार आणि मला दमा आहे. हो किंवा नाही कळवायला दहा दिवस होते. त्यातले चार दिवस कंपनीनं ऑफिस बघायला म्हणून तिकडे बोलावलं. मुंबईहून विमानानं जेमतेम सहा तास!

मी एक ठरवलं होतं. बीच शनिवार-रविवारी. आपलं खरं आयुष्य सोमवार ते शुक्रवार चालतं, तेव्हा तेच बघायचं. म्हणून मंगळवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर कंपनीची गाडी नको म्हटलं आणि घरी जाणाऱ्या लोकांबरोबर चालायला लागले.

अंधार किती वाजता पडतो?

हा प्रश्न कुणी विचारत नाही. आपल्याकडे जूनमध्ये सातनंतरही उजेड असतो. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे जून-जुलै म्हणजे तिथला हिवाळा. पावणेसहाच्या सुमाराला सूर्य गुडुप! सहाला ऑफिस सुटलं तर पूर्ण अंधारात घरी जायचं. बेटावरची बससेवा दिवसा ठीक आहे, पण संध्याकाळनंतर विरळ होत जाते. गावं लवकर झोपतात, दुकानं लवकर बंद होतात. पुण्यात रात्री दहाला भेळवाल्याच्या गाडीपाशी जी गर्दी असते ना, तोच आपला खरा पहारेकरी असतो. तो तिथे नाही.

मग ऑफिसातल्याच एका स्थानिक मुलीला गाठलं. 'इथे सेफ आहे का?' असं विचारलं असतं तर 'हो, अगदी!' हेच उत्तर आलं असतं. आपल्या शहराबद्दल आपणही पाहुण्यांना तेच सांगतो. मी विचारलं, "काल तू घरी कशी गेलीस?" मग गाडी सुरू झाली! मेट्रोनं रोझ हिलपर्यंत, पुढे दहा मिनिटं पायी, एका विशिष्ट गल्लीतून कधीच नाही, उशीर झाला तर भाऊ घ्यायला येतो. टॅक्सी? मीटरवर कुणी जात नाही, बसायच्या आधी भाव ठरवायचा. आणि ती गल्ली का नाही? तिथे पोरं नशा करून बसतात. सिंथेटिक ड्रग्जचा प्रश्न बेटावर गंभीर आहे, तिथले पेपर उघडले की रोज दिसतो. तिच्या त्या पाच वाक्यांत मला सगळ्या निर्देशांकांपेक्षा जास्त कळलं. मला भाऊ नाही तिथे, हेही कळलं.

पोर्ट लुई ते रोझ हिल ही मेट्रो 2020 च्या सुरुवातीपासून नियमित धावतेय, 2022 मध्ये ती क्युरपिपपर्यंत गेली आणि 2023 मध्ये एबेनलाही जोडली गेली. त्यामुळे माझा नकाशा एकदम सोपा झाला. घर मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर, आणि मधला रस्ता दिव्यांचा. स्कूटर घ्यायचा मोह बाजूला ठेवला. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, पण घाटातले उतार आणि भरधाव गाड्या पाहिल्यावर पोटात गोळा येतो. 3 मे 2013 ला सोरेझच्या उतारावर बस उलटून दहा माणसं गेली होती, लोक अजून ती जागा दाखवतात.

पाऊस आपल्या ओळखीचा, वादळ नाही

26 जुलै 2005 पाहिलेल्या मुंबईकरांना पावसाचं काय सांगायचं? तरी हे वाचा. 30 मार्च 2013 ला पोर्ट लुईमध्ये काही तासांच्या पावसात 11 जण मेले. त्यातले काही पादचाऱ्यांच्या भुयारी मार्गात, काही इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये. म्हणजे समुद्रात कुणी बुडालं नाही, रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर बुडालं. त्यामुळे फ्लॅट बघताना मी घरमालकाला पहिला प्रश्न टाकला, 'पाणी कुठपर्यंत येतं?' एकानं 'छे छे, कधीच नाही' म्हणत हात झटकले. त्याच्या मागच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर ओलीची रेघ होती! तिथून नमस्कार करून निघाले.

वादळांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. इशाऱ्याचे चार वर्ग असतात. वर्ग एक म्हणजे मेणबत्त्या, पाणी, डबाबंद खाणं आणून ठेवा. वर्ग तीनला बस, शाळा, ऑफिस सगळं ठप्प. वर्ग चारला दाराबाहेर पाऊल नाही. ही शिस्त लोकांच्या अंगात भिनलीय. 1960 च्या कॅरोल वादळात पत्र्याची आणि लाकडी घरं हजारोंनी उडाली, त्यानंतर बेटानं सिमेंट-काँक्रीटची घरं बांधायला घेतली. ती ठोकळेबाज घरं पाहून आपण नाक मुरडतो, पण आता मला ती फार देखणी वाटतात!

पण व्यवस्था चांगली आहे म्हणून डोळे मिटून बसायचं का? 15 जानेवारी 2024 ला बेलाल वादळाच्या दिवशी माणसं कामाला बाहेर पडल्यावर इशारा वाढवला गेला. सगळे एकदम घराकडे निघाले आणि पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या कागदी होड्यांसारख्या वाहिल्या. नंतर हवामान खात्याच्या प्रमुखांनी पद सोडलं. म्हणून मी एचआरला ईमेल टाकला, 'वर्ग दोन असताना घरून काम करायची मुभा आहे का?' ऑफर लेटरवर सही करायच्या आधी हा प्रश्न विचारणारी मी पहिलीच होते म्हणे. उत्तर लेखी आलं. हो म्हणून.

समुद्राबद्दल थोडक्यात. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आतलं पाणी शांत. दक्षिणेला सुईयाकजवळ ग्री ग्रीला ही भिंतच नाही, तिथे फोटो काढायचे आणि परत फिरायचं. उथळ पाण्यात दगडासारखा दिसणारा एक मासा असतो, त्याला तिथे लाफ म्हणतात. काटा रुतला की माणूस कळवळतो, म्हणून पाण्यात रबरी बूट घालायचे. बाकी बेटावर वाघ नाही, विषारी सापांची भीती नाही. मलेरिया 1973 मध्येच हद्दपार ठरला. डास मात्र आहेत. 2005-06 मध्ये चिकनगुनियाची मोठी साथ आली होती, 2025 मध्ये तो पुन्हा आला. तेव्हा गॅलरीतल्या कुंडीखालची ताटली तिथेही रिकामी करायचीच.

आणि माझा दमा?

इथे माझं स्वप्न थोडं आपटलं. फ्लिक आं फ्लाकला समुद्रासमोर एक फ्लॅट होता. बाल्कनीतून सूर्यास्त, भाडं परवडणारं, फोटो पाठवल्यावर मैत्रिणी वेड्याच झाल्या. पण तळमजला, शेजारचे फ्लॅट वर्षातले आठ महिने बंद. सुट्टीसाठी घेतलेल्या अशा रिकाम्या घरांच्या रांगेत चोरट्यांचं फावतं, हे शेजारच्या किराणावाल्यानंच सांगितलं. आणि रात्री दोनला श्वास लागला तर? सरकारी रुग्णवाहिकेचा नंबर 114. ती येईपर्यंत दार उघडायला शेजारी तरी हवा ना!

क्युरपिपला हवा थंडगार, पण उंचावर असल्यानं पाऊस सारखा आणि भिंतींना बुरशी. दमेकऱ्याला तेही नको. शेवटी उरलं कात्र बोर्न. समुद्र नाही, बाजारपेठेचा गजबजाट, खाली फार्मसी, कांदोचं मोठं सरकारी हॉस्पिटल जवळ. दुसऱ्या मजल्यावरचा एक साधा फ्लॅट, खिडक्यांना गज, गच्चीवर पाण्याची टाकी. वरच्या मजल्यावर एक मराठी आडनावाच्या आजी राहतात. त्यांच्या पणजोबांना रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात आणलं होतं. घरात बोलतात क्रिओल, पण गणपती बसतो आणि त्या दिवशी अख्ख्या देशाला सुट्टी! रात्रीबेरात्री गरज पडली तर दार वाजवू का, असं मी विचारलं. आजींनी हसून काठीनं जमिनीवर दोनदा ठोकून दाखवलं. खालून झाडूच्या दांड्यानं छतावर तसंच ठोकायचं, म्हणजे त्या नातवाला पाठवतील.

नवव्या दिवशी हो कळवलं. जॉइनिंग ऑक्टोबरात, म्हणजे वादळांच्या मोसमाआधी महिनाभर हाताशी आहे. त्या वेळात घर ते स्टेशन रस्ता अंधारात चार-पाचदा चालून बघायचा आहे, आधी कुणाला तरी सोबत घेऊन, मग एकटीनं. बॅगेत सहा महिन्यांचे इनहेलर आणि डॉक्टरांची चिठ्ठी आहे. टॉर्च आईनं तुळशीबागेतून स्वतः आणलाय, दोन.